प्रत्येक वाकडी मान मानमोडीची नसते

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सकाळपासून कापसावर बोलणे झाले, ज्वारीवर झाले, कर्जावर झाले. जेवणाच्या आधीचा अर्धा तास आम्ही कोंबडीच्या पिलांसाठी मागून घेतला आहे. हे ऐकून मागच्या रांगेतली मंडळी हसली. हसू द्या. मायबहिणी हसल्या नाहीत, हे आम्हाला इथून दिसते आहे. कापसाचा चुकारा हातात पडेपर्यंत घरातले मीठ-मिरची, पोरांच्या वह्या आणि दवाखान्याची चिठ्ठी कशावर निघते, हे त्यांना ठाऊक आहे. क्विंटलभर कापसाचा उत्पादनखर्च आपण पैशापर्यंत मांडतो. खुराड्याचा हिशेब मात्र आजवर कुणी मांडला नाही, कारण तो बाईच्या हातचा. आम्हीही मांडला नाही. कृषी महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडलो, तेव्हा माती, खत, बियाणे, कीड एवढ्यावर आम्ही तासभर बोलू शकत होतो. पिलाची मान का वाकडी होते, हे मात्र आम्हाला एका आठ वर्षांच्या पोरीच्या घरी शिकावे लागले.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. बैठकीसाठी एका गावात मुक्काम होता. त्या घरची पोर फ्रॉकच्या घोळात एक पिलू घेऊन फिरत होती. पिलाची मान पाठीवर उलटी पडलेली, चोच आभाळाकडे, पाय पोटाशी आखडलेले. उभे केले की मागे कोलमडायचे. पोरीची आजी म्हणाली, "मानमोडी हाय थे. फेक बाहेर, नाही तं बाकीचेबी जातीन." आम्हीही मान डोलावली. वाकडी मान म्हणजे मानमोडी, एवढे ज्ञान आमच्याकडेही होते.

त्या दिवशी बैठकीला तालुक्याचे पशुधन पर्यवेक्षक आले होते. त्यांनी पिलाकडे पाहण्याआधी पोरीकडे पाहिले आणि विचारले, "बाकीची पिल्ले कशी आहेत?" बाकीची पिल्ले कोंबडीमागे उकिरडा उकरत धडधाकट फिरत होती. मग दुसरा प्रश्न, "याला खायला काय घालतेस?" पोर म्हणाली, "माझ्या ताटातला भात." कोंबडीने टोचून दूर केले म्हणून हे पिलू पोरीने पहिल्या दिवसापासून खोक्यात ठेवून जपले होते. मातीत सोडले नाही, मांजर नेईल म्हणून. दोन आठवडे ते केवळ रेशनच्या पांढऱ्याशुभ्र तांदळाच्या भातावर होते. पर्यवेक्षकांनी घरातली लहान मुलांची बी-कॉम्प्लेक्सची बाटली मागवली, चोचीच्या कडेने थेंब-थेंब औषध सोडले, संध्याकाळी पुन्हा दिले. सकाळी चहाच्या वेळी ते पिलू मान सरळ करून उभे होते.

आम्ही थक्क झालो. खरे म्हणजे थक्क होण्यासारखे काही नव्हते. हाच प्रकार जगात सव्वाशे वर्षांपूर्वी घडून गेला आहे आणि त्यातूनच जीवनसत्त्वाचा शोध लागला आहे.

जावा बेटावर तेव्हा डच लोकांचे राज्य होते. सैनिकांना आणि कैद्यांना बेरीबेरी नावाचा रोग व्हायचा. पाय लुळे पडायचे, माणसे मरायची. सरकारची समजूत अशी की हा जंतूंचा रोग. जंतू शोधण्यासाठी ख्रिस्तियान आइकमन नावाचा डॉक्टर बटाविया येथे, म्हणजे आजच्या जाकार्तात, लष्करी इस्पितळाजवळच्या प्रयोगशाळेत कोंबड्यांवर प्रयोग करत होता. १८८९-९० च्या सुमारास त्या कोंबड्या एकाएकी लुळ्या पडू लागल्या. जंतू टोचलेल्या पडल्या, तशा न टोचलेल्याही पडल्या. काही महिन्यांनी त्या आपोआप बऱ्याही झाल्या. चौकशी केली तेव्हा कळले, की मधल्या काळात कोंबड्यांना इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढरा भात मिळत होता. मग स्वयंपाकी बदलला. लष्कराचा भात लष्कराबाहेरच्या कोंबड्यांना कशाला, असे म्हणून त्याने तो बंद केला. कोंबड्या पुन्हा कोंड्यासकट तांदळावर आल्या आणि उभ्या राहिल्या. पुढे जावातल्या शंभरेक तुरुंगांची पाहणी झाली. जिथे सडलेला पांढरा तांदूळ, तिथे बेरीबेरी. जिथे कोंड्यासकट तांदूळ, तिथे ती जवळजवळ नाही. आइकमनचा सहकारी खेरिट ग्राइन्स याने १९०१ साली सांगितले, की भातात विष नाही, भातात उणीव आहे. १९१२ साली काझिमिर फंक याने अशा पदार्थांना 'व्हायटामीन' हे नाव दिले. आइकमनला १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

लक्षात घ्या, मोठमोठे डॉक्टर जंतू शोधत होते आणि कोंबडी उपाशी होती. पोट भरलेले, तरी उपाशी. तांदळाला चकाकी यावी म्हणून जो भाग गिरणीत खरवडून काढला, त्यातच ब-१ जीवनसत्त्व होते. त्याच्यावाचून मज्जातंतू चालत नाहीत. आपल्या ज्वारीच्या शंभर ग्रॅम दाण्यात हे जीवनसत्त्व साधारण ०.३५ मिलिग्रॅम असते. पॉलिश केलेल्या तांदळात ते ०.०५ च्या आसपास, म्हणजे सातवा हिस्सा. आमची आजी पिलांपुढे ज्वारीच्या कण्या टाकायची. तिला ब-१ ठाऊक नव्हते आणि ठाऊक असण्याची गरजही नव्हती. शेतात ज्वारी होती तोवर खुराड्यातही ज्वारी होती. आता अनेक घरांत ज्वारी विकतची झाली आहे आणि तांदूळ रेशनचा. ताटात जे बदलले, ते पिलाच्या मानेत दिसते.

आता आमच्या चुकीबद्दल बोलू. ती सांगितल्याशिवाय पुढचे बोलण्याचा आम्हाला अधिकार नाही.

बी-कॉम्प्लेक्सच्या त्या बाटलीने आमच्या डोक्यात हवा गेली. पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्या एका गावातून महिला गटाचा निरोप आला, की पिल्ले माना वाकड्या करून पडत आहेत. आम्ही गेलो. दोन पिल्ले पाहिली, बाटली काढली, थेंब दिले आणि सांगितले, "काळजी करू नका, ही उणीव आहे." बाकीची पिल्ले कशी आहेत, हे विचारले नाही. हगवण पाहिली नाही. आजारी पिल्ले वेगळी करा, असे सांगितले नाही. उलट, एकाच वाटीने घरोघरी औषध पाजत फिरलो. आठ दिवसांत त्या आळीतली खुराडी रिकामी झाली. ती मानमोडी होती, राणीखेत. आम्ही औषध म्हणून वाटी फिरवली आणि रोग वाटत गेलो. त्या मावशींनी आम्हाला शिवी दिली नाही. एवढेच म्हणाल्या, "साहेब, तुमी नसते आले तं बरं झालं असतं." ते वाक्य आम्ही अजून विसरलो नाही.

तेव्हा आजचा धडा दुहेरी आहे. प्रत्येक वाकडी मान मानमोडीची नसते, म्हणून पिलू फेकू नका. आणि प्रत्येक वाकडी मान उणिवेची नसते, म्हणून बाटलीवर विसंबू नका. आधी पिलू वेगळे करा, मग प्रश्न विचारा, त्यानंतर औषध. हा क्रम मोडू नका.

प्रश्न चारच आहेत.

पहिला प्रश्न: एक की अनेक? एकच पिलू, किंवा एकाच प्रकारचा खुराक खाणारी पिल्ले हळूहळू लुळी पडत असतील, तर उणिवेचा संशय घ्यावा. वेगवेगळ्या घरची, वेगवेगळे खाणारी, लहान आणि मोठीही दोन-चार दिवसांत पडू लागली, तर तो साथीचा रोग समजावा.

दुसरा प्रश्न: श्वास आणि विष्ठा कशी आहे? राणीखेतमध्ये पक्षी चोच उघडून श्वास घेतो, घरघरतो, हिरवट पातळ हगतो. पंख पडतात, पाय लुळे पडतात, मान पिळवटते. उणिवेच्या पिलाला घरघर नसते.

तिसरा प्रश्न: वय किती? दहा-पंधरा दिवसांच्या पिलाची पायाची बोटे आत मुडपली आणि ते गुडघ्यांवर चालू लागले, तर ब-२ ची उणीव आठवावी. दोन ते चार आठवड्यांचे पिलू दारू प्याल्यासारखे झोकांड्या खात असेल, डोके मागे किंवा बाजूला ओढले जात असेल, तर ई जीवनसत्त्व आठवावे. मान पाठीवर उलटी आणि चोच आभाळाकडे असेल, तर ब-१. एक ते तीन आठवड्यांच्या पिलांचे डोके आणि मान बारीक थरथरू लागली, तर तो विषाणूचा कंपरोगही असू शकतो. त्याला औषध नाही, त्याची लस अंडी देणाऱ्या मूळ कळपाला द्यावी लागते. दीड-दोन महिन्यांनंतर एक पाय पुढे आणि एक मागे असे पसरून तलंग बसली, तर मॅरेक्स नावाचा रोग असतो. त्याची लस उबवणी केंद्रातच पहिल्या दिवशी टोचावी लागते. एक दिवसाची पिल्ले विकत घेताना ती टोचली का, हे विचारणे तुमचा हक्क आहे.

चौथा प्रश्न: काय खाल्ले आणि काय प्याले? हा प्रश्न आपल्या कापूसवाल्यांनी दोनदा विचारावा. फवारणीचा पंप ज्या घमेल्यात धुतला त्यातले पाणी, औषध लावलेली सरकी, बुरशीनाशक चोळून उरलेले ज्वारीचे बी. पिलू हे टिपते आणि थरथरते, लाळ गाळते, लुळे पडते. थायरम हे बियाण्याला चोळायचे साधे औषध, पण ते पोटात गेले की वाढत्या पिलांच्या पायाची हाडे बिघडतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने आपली माणसे गेली. जे माणसाला मारते, ते तळहाताएवढ्या पिलाला सोडेल का? म्हणून पंप आणि बी-औषध खुराड्यापासून दूर ठेवा. मेलेली जनावरे उघडी टाकू नका. त्यांतल्या अळ्या खाऊन कोंबडीची मान दोरीसारखी लोंबते, ती विषबाधा आहे.

आणखी एक विष आपण स्वतः पाजतो. रक्ती हगवणीवर अँप्रोलियम नावाची पूड पाण्यातून देतात. औषध चांगले आहे, पण ते ब-१ चीच वाट अडवून रक्ती हगवणीच्या जंतूला मारते. प्रमाणापेक्षा जास्त किंवा फार दिवस दिले, तर पिलालाही ब-१ मिळेनासे होते. पुडीवर लिहिलेले प्रमाण आणि दिवस पाळा. लवकर गुण यावा म्हणून दुप्पट टाकू नका.

आता खुराकाकडे वळू. आमचा कृषी पदवीधराचा पिंड इथे उपयोगी पडतो.

ज्वारी चांगली, पण एकटी ज्वारी पुरत नाही. तिच्यात ब-२ कमी असते. उकिरडा उकरणाऱ्या गावरान पिलाला ते किडा-मुंगीतून, हिरव्या पाल्यातून मिळते. खोक्यात किंवा जाळीत वाढणाऱ्या पिलाला ते आपण दिले तरच मिळणार. गिरिराज, वनराज यांसारखी सुधारित पिल्ले भराभर वाढतात. वाढ जितकी वेगाची, तितकी जीवनसत्त्वांची मागणी मोठी. संकरित कपाशीला खताची मात्रा जास्त लागते, हे आपण जाणतो. तोच हिशेब इथे लावा. एक दिवसाच्या पिलांना पहिले सहा-आठ आठवडे पिलांचा तयार खुराक द्यावा. तेवढी ऐपत नसेल, तर ज्वारीच्या ताज्या भरड्याबरोबर बारीक चिरलेला लसूणघास, शेवग्याचा पाला, तांदुळजा, घोळ जे असेल ते द्यावे. उकडलेले अंडे कुस्करून आणि थोडे ताक द्यावे. ताकाच्या निवळीत हिरवट-पिवळी झाक दिसते, ती ब-२ चीच. ताक मातीच्या परळात, सावलीत ठेवावे; उन्हात हे जीवनसत्त्व नष्ट होते. उरलेले संध्याकाळी फेकून द्यावे.

ई जीवनसत्त्वाचा शत्रू म्हणजे खवटपणा. तेलकट पेंड, कोंडा, महिनोन्महिने पत्र्याच्या खोलीत पडलेला खुराक खवट होतो आणि त्या खवटपणात ई जीवनसत्त्व संपून जाते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला जातो. जे पीठ विरी गेले म्हणून तुम्ही भाकरीला घेत नाही, ते पिलांच्या पुढे टाकता. टाकू नका. भरडा आठवड्यापुरताच काढा. पावसात सापडून काळी पडलेली, बुरशी धरलेली ज्वारी पिलांना मुळीच घालू नका. तिच्यातले बुरशीचे विष आधी लहान जिवाला मारते. सरकीची पेंडही पिलांचे खाद्य नव्हे, तिच्यात गॉसिपॉल असते. ती ढोरांना द्या.

आणि पिलाची सुरुवात अंड्यात होते, हे विसरू नका. खुडूक बसवायची अंडी ज्या कोंबडीची, तिला महिनाभर आधीपासून हिरवा पाला आणि ताक मिळाले, तर पिवळ्या बलकात शिदोरी बांधली जाते. आई उपाशी असेल तर पिलू जन्मतःच कर्जात.

उणीव आहे असे वाटले तर काय करावे? पिलू वेगळे, उबदार खोक्यात ठेवावे. मान टेकायला फडक्याची चुंबळ करावी. ते स्वतः खाऊ-पिऊ शकत नाही, म्हणून औषध पाण्याच्या भांड्यात मिसळून भागत नाही, थेंबाने चोचीच्या कडेला द्यावे लागते. घाई केली तर श्वासनळीत जाऊन पिलू गुदमरते. पाण्याची भांडी उथळ ठेवा, नाही तर लुळे पिलू त्यात बुडून मरते. ब-१ ची उणीव असेल तर काही तासांत फरक दिसू लागतो. ब-२ साठी पिलाला रोज मिलिग्रॅमचा दहावा भाग, असे दोन दिवस दिले आणि पुढे खुराक सुधारला की पुरते. मात्र बोटे मुडपून फार दिवस झाले असतील, तर नस कायमची बिघडलेली असते. ई साठी माणसांची कॅप्सूल टोचून एक-दोन थेंब द्यावेत. मेंदूला इजा जास्त झाली असेल तर गुण येईलच असे नाही. ब गटाचे जास्त झालेले लघवीवाटे निघून जाते. अ आणि ड यांचे तसे नाही, ते अंगात साठून अपाय करतात. म्हणून सगळ्या बाटल्या एकदम ओतू नका. दोन दिवसांत फरक नाही पडला, तर ढोरांच्या डॉक्टरला दाखवा.

आता शेवटचे आणि सर्वांत महत्त्वाचे. मानमोडीला कोणतेही जीवनसत्त्व चालत नाही. तिला फक्त लस चालते. १९२६ साली त्याच जावा बेटावर आणि इंग्लंडातल्या न्यूकॅसल येथे हा रोग नोंदला गेला. थोड्याच काळात तो आपल्याकडे कुमाऊँच्या डोंगरातल्या राणीखेत येथे आढळला, त्यावरून आपल्याकडचे नाव पडले. राणीखेतच्याच मुलुखातल्या मुक्तेश्वरच्या संशोधन संस्थेत १९४० च्या दशकात त्यावर भारतीय लस तयार झाली. म्हणजे विद्या घरची आहे, जुनी आहे, स्वस्त आहे. पिलू पाच ते सात दिवसांचे झाले की लासोटाचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, चार आठवड्यांच्या सुमारास पुन्हा एकदा, आणि आठ आठवड्यांनंतर आर-टू-बी ची सुई. ही सुई लहान पिलांना देऊ नये, तिनेच ती लुळी पडू शकतात.

मग लस असूनही खुराडी रिकामी का होतात? कारण लसीची बाटली शंभर-दोनशे पक्ष्यांची येते आणि आपल्या घरी कोंबड्या आठ. बाटली बर्फात आणावी लागते आणि कालवल्यावर तासा-दोन तासांत संपवावी लागते. आठ कोंबड्यांची बाई एवढा खटाटोप एकटी करू शकत नाही. म्हणजे अडचण लसीची नाही, एकटेपणाची आहे. आणि एकटेपणावर औषध काय, हे या मांडवात बसलेल्यांना आम्ही सांगायला नको.

म्हणून आमची मागणी सरकारकडे नाही, तुमच्याकडे आहे. गावात एक दिवस ठरवा. दर महिन्याला नाही जमले, तर निदान उन्हाळा तापण्याआधी आणि पावसाळ्याच्या तोंडाशी. आदल्या रात्री खुराडी बंद ठेवा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून बर्फाच्या डब्यात बाटली आणा आणि भल्या पहाटे दोन जणींनी घरोघर फिरून थेंब टाका. एका घरच्या कोंबड्या सुटल्या, तर रोगाला दार उघडे राहते. आणि कुठे एकाएकी पुष्कळ पक्षी मेले, तर ते लपवू नका, खाऊ नका, नाल्यात फेकू नका. बर्ड फ्लू २००६ साली नवापुरात आणि २०२१ साली परभणी जिल्ह्यात येऊन गेला आहे. त्याच दिवशी दवाखान्याला कळवा.

त्या पोरीचे पिलू पुढे मोठे झाले, अंड्यावर आले. तिने त्याला भात घालणे सोडले नाही, पण आधी ज्वारीच्या कण्या, वरून पाला आणि मग तिच्या ताटातला एक घास. दुसऱ्या गावच्या मावशींच्या आळीत मात्र आम्ही आजही खाली मान घालून जातो. या बैठकीनंतर तिथला लसीचा दिवस ठरला आहे. बर्फाचा डबा आम्ही नेणार आहोत. या वेळी वाटी नेणार नाही.